सगळ्या टिकल्या हिरव्या

१९ जुलै, शनिवार. दुपारी १.३०

आजपासून रोजनिशी. मागच्या वर्षीच्या भूगोलाच्या वहीत साठ पानं कोरी निघाली, ती वापरणार. रोज लिहिणार, एकही दिवस खाडा नाही. कोणाला दाखवणार नाही. तसं सुप्यात, म्हणजे या नव्या गावात, दाखवण्यासारखं अजून कोणी नाहीच, पण तो मुद्दा वेगळा.

पार्श्वभूमी: पप्पांना इथल्या एमआयडीसीत काम लागलं म्हणून जूनमध्ये आम्ही पाथर्डीकडचं गाव सोडलं. ऐन दहावीत माझी शाळा बदलली. गावच्या शाळेत मी दुसरा यायचो. पहिला गोरक्ष, पण त्याचे वडील त्याच शाळेत मास्तर, म्हणजे खरा पहिला मीच. इथे हे कोणाला माहीत नाही. एकदा कळलं की पोरं आपोआप भोवती जमतील. गावात जमायची.

आज चान्स आला. आमच्या वर्गशिक्षिका देवश्री मॅडम, गणित शिकवतात. त्यांनी नवीन पद्धत काढली: आपलं शिकणं आपणच तपासायचं. वर्गात एक मोठा तक्ता लावणार, त्यात प्रत्येकाची एक ओळ आणि गणिताच्या प्रत्येक धड्याचा एक चौकोन. चौकोनात टिकली चिकटवायची. कपाळाचीच टिकली, कारण शाळेत स्टिकर नाहीत. हिरवी म्हणजे समजलं, दुसऱ्याला सांगू शकतो. पिवळी म्हणजे थोडं अडतं. लाल म्हणजे समजलं नाही. मॅडम म्हणाल्या, खरं तेच लावा, याला मार्क नाहीत. मार्क नाहीत म्हटल्यावर पोरं सैल सुटली. मी सीरियस घेतलं.

संध्याकाळी ६

टिकल्या आणायला गेलो. दुकानातल्या रंगुबाईंनी विचारलं, कोनाला पायजेत, आईला का बहिनीला? मी म्हटलं, गणिताला. त्यांनी पाकीट परत आत ठेवलं. सगळं समजावून सांगितल्यावर दिलं. मिक्स रंगांचं पाकीट होतं, पण मी नुसत्या हिरव्यांचं घेतलं. लाल-पिवळ्या घेऊन करू काय?

२० जुलै, रविवार. सकाळी ९.४०

टाइमटेबल: उठणे ५. गणित ५.१५ ते ७. व्यायाम. मग शाळा. आज उठलो ९.२० ला, कारण टाइमटेबल सोमवारपासून लागू आहे.

दुपारी

स्वतःची तपासणी पूर्ण. पद्धत माझी मीच शोधली: सोडवलेलं उदाहरण वाचायचं आणि प्रत्येक ओळीला मान हलते का बघायचं. हलली. मग गाइडमध्ये उत्तर बघायचं. हेच माझ्या मनात होतं. दोन्ही पुस्तकं मिळून तेरा धडे, पाऊण तासात चेक. त्यातले बरेच अजून शिकवलेलेच नाहीत, पण न समजण्यासारखं त्यात काही दिसलं नाही. वर्गसमीकरणांना मान जरा कमी हलली. रात्री उशी नव्हती, मान आखडली असणार.

तेरा हिरव्या.

२२ जुलै, मंगळवार

तक्ता भरला. पूर्ण हिरव्या ओळी दोनच, निकिताची आणि माझी. निकिता पाचवीपासून पहिली येते म्हणे. असू दे. पोरं तक्त्यासमोर उभी राहून माझं नाव वाचत होती. कानिफनाथ कोण रे, असं एकाने विचारलं. मी त्याच्या मागेच उभा होतो. वळून सांगणार होतो, पण तेवढ्यात घंटा झाली.

श्रीमंत नावाचा एकजण आहे. अख्खी ओळ लाल. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. लाज वाटावी तर वर मॅडमनाच म्हणतो, मॅडम, माजी वळ नवरीवानी दिसती. मॅडमसुद्धा हसल्या. त्यांनी हसायला नको होतं.

२४ जुलै, गुरुवार

शंका तास सुरू. मंगळवारी आणि गुरुवारी शेवटचा तास. ज्यांची हिरवी त्यांनी मैदानात बाक टाकून बसायचं, पुढे पुठ्ठ्यावर नाव आणि धडा लिहायचा. ज्यांना अडतं त्यांनी आवडेल त्याच्याकडे जायचं. बाकीचे मॅडमजवळ व्हरांड्यात. माझा पुठ्ठा सगळ्यांत मोठा: कानिफनाथ, सर्व धडे. जागा लिंबाखाली.

आज आलेले: ०. निकिताकडे ७.

पहिला दिवस आहे. हुशार माणसाकडे जायला माणूस बिचकतो.

३१ जुलै, गुरुवार

मंगळवारी ०. चूक जागेची होती. लिंबाखाली पुठ्ठ्यावर पाला पडतो, नाव झाकलं जातं. आज मॅडमना विचारून बाक नळाजवळ नेला. तिथे वर्दळ असते.

आज आलेले: पाणी प्यायला १४, शंका ०.

एका पोराने पुठ्ठा वाचला, पाणी प्यायलं, परत पुठ्ठा वाचला, परत पाणी प्यायलं आणि गेला. ऊन फार होतं, तहान लागली असेल.

७ ऑगस्ट, गुरुवार

आज श्रीमंत स्वतःहून आला. मी पेन काढलं. त्याने विचारलं, मढीच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो तो तुज्या गावाजवळच का? मी म्हटलं, हो. तो म्हणाला, मग यंदा भाव काय निघाला? नळावरची सगळी पोरं हसली. मी लक्ष दिलं नाही. रात्री झोपेपर्यंत तेच डोक्यात होतं.

लाल टिकलीवाले मॅडमभोवती व्हरांड्यात खाली बसतात. कोणीतरी शेंगा आणतं. चुकलं की हसतात, बरोबर आलं की ओरडतात. अभ्यासात एवढं हसण्यासारखं काय असतं, हे ऐकायचा प्रयत्न केला, पण नळापर्यंत ऐकू येत नाही. बाक थोडा पुढे सरकवला. तरी नाही. अशा वातावरणात काय डोंबलाचा अभ्यास होणार.

आज आलेले: १ (गाढव). शंका ०.

१७ ऑगस्ट, रविवार. दुपारी ४

एक छोटी अडचण झाली आहे.

आई एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चहा-नाश्ता करते. रविवारी तिची सकाळची पाळी, पप्पांचा ओव्हरटाइम. काल भाकरी थापता थापता तिने विचारलं, शाळंत कोन दोस्त मिळाला का रं? मी म्हटलं, दोस्त कशाला, मी पोरांना शिकवतो. तिने विचारलं, किती पोरं? मी म्हटलं, चार. चार हा साधा आकडा आहे, तो तोंडात आला. आईला एवढा आनंद झाला की तव्यावरची भाकरी करपली. म्हणाली, मग रविवारी घरी बोलीव की त्यास्नी. मी बिस्किटं आनून ठिवते, च्या तुला येतोच.

आज सकाळी जाताना तिने डब्यावर दोन पुडे ठेवले. सहा कपांपैकी पाच पुसून ओळीत मांडले.

मी बारा वाजेपर्यंत दार उघडं ठेवून बसलो. कोणी येणार नव्हतंच, बोलावलंच नव्हतं. तरी दार उघडं ठेवलं. शेजारच्या खोलीतले बिहारचे कामगार कपडे वाळत घालत होते, त्यांनी हात केला. मीही केला.

मग बिस्किटं खाल्ली, दोन्ही पुडे. पाचही कप पाण्याने धुऊन पालथे घातले.

आईने येऊन कप बघितले. आलीती? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, शानी पोरं दिसत्यात, कप धुऊन गेली. मी म्हटलं, मीच तशी शिस्त लावली आहे.

२४ ऑगस्ट, रविवार

आईने आज तीन पुडे ठेवले. मागच्या खेपेला कमी पडली असतील म्हणाली.

खाल्ले. आता क्रीमची बिस्किटं डोळ्यांसमोर नको वाटतात. कप धुतले. एका कपात मुद्दाम चहाचा डाग ठेवावा का, असा विचार आला, पण मग शिस्तीचं काय?

निश्चय: पुढच्या रविवारी खरंच चार जणांना बोलावणार. यादी: निकिता (मुलगी आहे, नको). श्रीमंत (गाढव, नको). पाणी दोनदा प्यायलेला (नाव माहीत नाही). यादी अपूर्ण.

४ सप्टेंबर, गुरुवार

गोरक्षचा मेसेज, किती दिवसांनी. मागे मी त्याला सांगितलं होतं की माझ्यापुढे रांग लागते. आज त्याने एका गणिताचा फोटो पाठवला. वर्गसमीकरण. खाली लिहिलं होतं, कान्या, तू तर मास्तर झालास, एवढं सांग.

वाचलं. मान हलवायचा प्रयत्न केला. गाइडमध्ये शोधलं, नेमकं तेच नाही. एका वर्गसमीकरणासाठी वीस मिनिटं छताकडे बघत बसलो. मग लिहिलं: हे फार सोपं आहे. मी सांगितलं तर तुझं नुकसान होईल. तूच सोडव.

त्याने अंगठा पाठवला. पुढे काही नाही.

तत्त्व म्हणून मी बरोबरच होतो.

आज आलेले: ०. मॅडमनी विचारलं, कानिफ, ठीक ना सगळं? मी म्हटलं, एकदम मस्त मॅडम, पोरांना बहुतेक समजायला लागलं आहे, म्हणून येत नाहीत.

१४ सप्टेंबर, रविवार

पोट बिघडलं. पाच रविवारांची बिस्किटं एका माणसाला झेपत नाहीत. थोडी शेजाऱ्यांना द्यावी म्हटलं, तर आईच्या कानावर जाईल.

आईने विचारलं, पोरांची नावं तरी सांग. मी तक्ता आठवून सांगितली: पार्थ, अमृत, अवधूत आणि शरच्चंद्र. ती म्हणाली, शरच्चंद्र म्हंजी मोठ्या घरचं दिसतंय, त्याला आपली बिस्किटं चालत्यात का? मी म्हटलं, तोच सगळ्यांत जास्त खातो.

बोलताना वाटून गेलं की हे चौघं खरंच येऊन गेले. पार्थ खिडकीपाशी बसला होता. मग ताक प्यायलो आणि झोपलो.

७ ऑक्टोबर, मंगळवार

सहामाहीचा गणित भाग एकचा पेपर. मॅडमची नवीन अट: पेपर देताना कोपऱ्यात लिहायचं, मला किती पडतील. चाळीसपैकी. मी छत्तीस लिहिले. चार मार्क नम्रतेसाठी सोडले.

पेपर ओळखीचा वाटला. प्रत्येक प्रश्न कुठेतरी पाहिलेला होता, नेमका कुठे ते आठवायला वेळ पुरला नाही. घरी आलो, पुस्तक उघडलं आणि सगळी उत्तरं लगेच कळली. म्हणजे येत होतंच.

टाइमटेबल अजून लागू झालेलं नाही. सोमवारी काही ना काही असतं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार. रात्री

दिवाळीला गावी गेलो होतो, आज परत आलो. गोरक्ष भेटला, बरोबर तीन पोरं होती, मला नवीन. आता रोज सकाळी त्याच्या ओट्यावर अभ्यास करतात म्हणे. गोरक्षने ओळख करून दिली, हा कानिफ, सुप्याला शिकवतो. एकाने विचारलं, काय शिकवतो? मी म्हटलं, सर्व धडे. गोरक्षच हसला. वाईट नाही हसला, पण हसला. मग ते चौघं सायकली काढून निघाले. मला ये म्हणाला, पण माझी सायकल सुप्याला.

चार जण. मोजले मी.

परत येताना एसटीत जागा नव्हती, नगरपर्यंत उभा आलो. आई म्हणाली, एवढा गप का? मी म्हटलं, शिकवून घसा बसलाय.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पेपर मिळाले. मला नऊ.

चाळीसपैकी नऊ. एकतीस मार्कांच्या सिली मिस्टेक.

मॅडमनी बक्षीस म्हणून पेन आणलं होतं. मला वाटलं, पहिल्या नंबरला देणार. तर नाही. ज्याचा अंदाज आणि मार्क सगळ्यांत जवळ, त्याला. श्रीमंतने चौदा लिहिले होते, पंधरा पडले. पेन त्याला. अख्खा वर्ग ओरडला. पंधरा मार्कांना पेन! मग नऊला निदान रिफिल तरी द्यायला हवी होती. मी असं मनात म्हटलं, हसलो मात्र नाही.

सुटल्यावर मॅडमनी थांबवलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, माझी उत्तरं तयार होती. त्या म्हणाल्या, कानिफ, तुझ्या ओळीत तेरा हिरव्या आहेत. वर्गात पोरं अठ्ठेचाळीस. लाल दिसली की मी थांबते, हिरवी दिसली की पुढे जाते. तुझ्यापुढून मी चार महिने पुढे गेले, ते माझं चुकलं. पण तू थांब म्हणाला असतास तर मी थांबले असते. तुला काय अडतं, ते सांगशील?

मी म्हटलं, काही नाही मॅडम, सिली मिस्टेक. त्या म्हणाल्या, बरं. टिकल्या शनिवारपर्यंत बदलता येतील, कोणी काही विचारणार नाही.

घरी आलो, कुलूप काढलं. आतून कोणी, कोण आहे, असं म्हटलं नाही. म्हणणार कोण, सगळे कामाला. मी बराच वेळ दप्तर पाठीवरच ठेवून बसलो होतो. मला रडू आलं. हे लिहायला नको होतं, पण ही वही कोणी वाचत नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ६.३०

ठरवलं. एक टिकली बदलायची. एकच, वर्गसमीकरणांची. बाकीच्या हिरव्याच राहतील, एकदम सगळं कशाला.

अडचण: माझ्याकडे नुसत्या हिरव्या. रंगुबाईंचं दुकान एवढ्या सकाळी उघडत नाही. शाळेत कोणाकडे मागायची तर तोंडाने म्हणावं लागेल, मला लाल दे.

आईच्या आरशावर सहा-सात लाल टिकल्या आहेत. अंघोळीला जाताना ती कपाळाची टिकली काढून आरशाला लावते आणि कधी कधी तिथेच विसरते. त्यातली एक घेतली. ती कामाला गेलेली होती. कंपास पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली.

दुपारी १.१५

जुन्या टिकलीचा गोंद गेलेला. तक्त्यावर लावली की पडायची. दोनदा बाकाखाली शिरून शोधली. शेवटी डब्यातल्या भाताचं शीत लावून चिकटवली. वर्ग रिकामा होईपर्यंत थांबलो होतो, तरी निकिताने दारातून बघितलं. मग आत आली. माझा डबा उघडाच राहिला होता, जाताना तो लावून गेली.

टिकली माझ्या ओळीत फार मोठी दिसते. आईचं कपाळ मोठं आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

शंका तास. पुठ्ठा न घेता मैदानात गेलो. व्हरांड्यात लाल टिकलीवाल्यांत जाऊन बसणार होतो. शेंगा खिशात घेतल्या होत्या, गेल्याबरोबर सगळ्यांना द्यायच्या असं ठरवून.

व्हरांड्यात मॅडमशिवाय कोणी नव्हतं. चार महिन्यांत त्यांच्या टिकल्या बदलल्या. पिवळ्या झाल्या, काहींच्या हिरव्या. मी तक्त्यात कधी माझ्या ओळीच्या खाली-वर बघितलंच नव्हतं. अख्ख्या वर्गात वर्गसमीकरणांना लाल एकच, माझी.

मॅडमनी नळाकडे बोट केलं. माझ्याच जागेवर बाक. पुठ्ठ्यावर वाकडं अक्षर: श्रीमंत, वर्गसमीकरणे (फक्त). पुठ्ठ्यापलीकडे तो एकटाच पेनाशी खेळत होता. बक्षिसाच्या.

मी नळावर गेलो. पाणी प्यायलो. पुठ्ठा वाचला. परत पाणी प्यायलो. तिसऱ्यांदा ओंजळ भरली तेव्हा मला तो जुलैतला पोरगा आठवला. दोनदा पाणी प्यायलेला. त्याला तहान नव्हती. मी तेव्हा नुसतं ये म्हणायला हवं होतं.

श्रीमंत म्हणाला, पोट फुटंल, बस आता.

बसलो. त्याने विचारलं, कुठून अडतंय? मी म्हटलं, पहिल्यापासून. मला वाटलं, आता गाढवाचा भाव सांगणार. नाही सांगितला. म्हणाला, माजंबी पहिल्यापासूनच हुतं. मग एक समीकरण लिहिलं आणि म्हणाला, दोन भाऊ हुडकायचे. एकमेकाला गुनलं तर सहा आलं पायजेत, मिळवलं तर पाच. मी बराच वेळ हुडकले. दोन आणि तीन. तो एवढ्या मोठ्यांदा ओरडला की मॅडमनी वळून बघितलं.

शेंगा दिल्या. टरफलं पुठ्ठ्यावर पडली.

जाताना म्हणाला, आमची पिठाची गिरनी हाय, घरात आवाजानं डोकं उठतं. रविवारी तुज्या घरी येऊ का? मी म्हटलं, या रविवारी नको, महत्त्वाचं काम आहे. (काम: बिस्किटं.) पुढच्या रविवारी ये.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

संकट. आईने नेमकी येत्या रविवारची पाळी बदलून घेतली. म्हणाली, तुजे चार शिष्य एकदा डोळ्यांनी बघते, सोताच्या हातानं च्या पाजते. लई दिवसाची इच्छा हाय.

उपाय १: चौघांनाही टायफॉईड. एकदम चौघांना बरा दिसणार नाही. उपाय २: चौघांशी माझं भांडण. पण मग आई समजूत काढायला शाळेत येईल. उपाय ३: आईला खरं सांगणे. विचार केला आणि खोडला.

श्रीमंतला शाळेत नुसतं एवढं सांगितलं, आई काही विचारेल, फार बोलू नको. तो म्हणाला, मी शिकवायला येतोय, बोलायला न्हाई.

२३ नोव्हेंबर, रविवार. दुपारी ३

आईने सकाळपासून खोली झाडली, दोनदा. नवी साडी नेसली. सहाही कप मांडले. बिस्किटं ताटलीत गोल रचली.

साडेदहाला श्रीमंत आला. एकटा. केसांत पीठ होतं.

आईने त्याच्या मागे बघितलं. मग जरा आणखी मागे, जिन्यापर्यंत. मी म्हणालो, बाकीच्यांना जमलं नाही. आईने श्रीमंतला विचारलं, तूच व्हय रं, दर रविवारी येतोस तो? मी चप्पल सरळ लावायला खाली वाकलो. वर बघायची हिंमत नव्हती. श्रीमंतने आपली चप्पल काढून शेजारी ठेवली. मग म्हणाला, व्हय मावशी. बिस्किटं लई भारी असत्यात तुमची.

आईने विचारलं, चांगलं शिकवतो का हा? तो म्हणाला, व्हय, नळावर बसून लई शिकवलंय.

मग आम्ही बसलो. सात गणितं केली. चार चुकली, तीन बरोबर आली. तीन माझी मी केली, मान न हलवता, पेनाने. तो बारा वाजता गेला. तीन बिस्किटं खाल्ली त्याने, मी बळंच दिली तरी चौथी घेतली नाही.

आई कप धुवायला बसली. पाठमोरीच म्हणाली, गुनाचं पोरगं हाय. तुज्यापायी खोटं बोललं.

मी ताटलीतली बिस्किटं उगाच परत गोल रचली.

ती म्हणाली, मी रोज तीनशे मानसांचा च्या करते. पाच जनांच्या च्याला दूध किती लागतं, पूड किती लागती, ते मला सांगतोस व्हय? दर रविवारी पातेल्यात दूध तेवढंच असायचं. पुडीला हात लागल्याला नसायचा. कप तेवढे वले. मला पयल्या रविवारीच कळलं.

मी विचारलं, मग दर रविवारी बिस्किटं कशाला आणून ठेवायचीस?

तिने कप पालथा घातला. म्हणाली, एखाद्या रविवारी आलंच कोनी खरं, तर घरात काय नको का?

आरशाजवळ जाऊन तिने कपाळाची टिकली सारखी केली. तिथल्या जुन्या टिकल्यांत एक कमी आहे, हे तिने बोलून दाखवलं नाही. तेही तिला माहीत असणार.

आज आलेले: १. ताटलीत अजून बरीच बिस्किटं उरली आहेत.